येलेना मुखिनाची मान कशामुळे मोडली?



सिनॉप्सिस लिहिताना सगळ्यात बेफिकिरीने वापरला जाणारा शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी ‘मुळे’ म्हणेन. अमुकमुळे तमुक वाढतं, तमुकमुळे ढमुक घटतं. दर दुसऱ्या पानावर एक ‘मुळे’ असतोच. पेपर एकच्या तयारीत स्वतंत्र चल, अवलंबी चल यांच्या व्याख्या आपण घोकलेल्या असतात. पण समितीतल्या कोणी शांतपणे विचारलं, “मुळे म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?” की भलेभले छताकडे बघायला लागतात.

नुसती व्याख्या वाचून हे डोक्यात शिरत नाही. म्हणून आज एकच घटना घेऊ आणि तिच्या मागे मागे जाऊ. घटना जिम्नॅस्टिक्समधली आहे. पण कारण शोधताना आपण कुठे कुठे घाईने थांबतो, ते तिच्यात फार स्वच्छ दिसतं.

३ जुलै १९८०. सोव्हिएत बेलारूसची राजधानी मिन्स्क. मॉस्को ऑलिंपिकचं उद्घाटन १९ जुलैला, म्हणजे सोळा दिवसांवर. सोव्हिएत महिला जिम्नॅस्टिक्स संघाचा सराव चालू आहे. वीस वर्षांची येलेना मुखिना फ्लोअर एक्सरसाइजमधली एक अवघड उडी घेते, उडीतलं फिरणं पूर्ण होत नाही आणि ती हनुवटीवर आदळते. मानेचे मणके मोडतात. त्या क्षणापासून ती चालू शकली नाही. हातापायांतली ताकद गेली ती गेलीच. पुढे ती सव्वीस वर्षं जगली आणि २२ डिसेंबर २००६ रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारली.

प्रश्न साधा आहे. हे कशामुळे झालं?

उत्तर शोधण्याआधी ही मुलगी कोण होती ते पाहू, कारण तिच्या कारकिर्दीचा आलेख हाच आपल्या पुराव्याचा एक भाग आहे.

येलेनाचा जन्म १ जून १९६० चा, मॉस्कोतला. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. जिम्नॅस्टिक्सच्या एक प्रशिक्षक शाळेत मुली शोधायला आल्या, त्यातून ती खेळात आली. चुणचुणीत, नजरेत भरणारी वगैरे ती नव्हती. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकच्या सोव्हिएत संघात तिचं नावही नव्हतं. तोवर ती मिखाईल क्लिमेंको यांच्याकडे शिकायला लागली होती. क्लिमेंको हे मुळात पुरुष जिम्नॅस्टना शिकवणारे. त्यांचे भाऊ व्हिक्टर क्लिमेंको १९७२ चे ऑलिंपिक विजेते. (हा ‘पुरुषांचे प्रशिक्षक’ मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

क्लिमेंकोंचं गणित असं होतं की या मुलीला पुढे आणायचं तर तिच्याकडून इतर कुणी करत नाही ते करून घ्यायचं. आणि ते जमलं. १९७७ च्या युरोपियन स्पर्धेत ती नादिया कोमानेचीच्या मागे दुसरी आली. अनइव्हन बार्सवर ओल्गा कॉर्बटच्या गाजलेल्या उडीला तिने शरीराभोवतीचा आणखी एक पूर्ण पीळ जोडला. फ्लोअरवर दुहेरी बॅक साल्टोत पूर्ण पीळ घातला, ती उडी आजही तिच्या नावाने ओळखली जाते. १९७८ मध्ये स्ट्रासबर्गच्या जागतिक स्पर्धेत तिने ऑल-अराउंडचं सुवर्ण घेतलं. दुसरी नेली किम, तिसरी नतालिया शापोश्निकोवा, आणि कोमानेची चौथी. सांघिक सुवर्ण, फ्लोअरचं सुवर्ण किमबरोबर वाटून, बार्स आणि बीमवर रौप्य. दोन वर्षांपूर्वी संघात नसलेली मुलगी अठराव्या वर्षी जगज्जेती झाली.

इथे जरा थांबा. क्लिमेंकोंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमची पद्धत चालते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? प्रयोग केला, निकाल आला. त्यांना हा पुरावा वाटला असणार, आणि सोव्हिएत क्रीडाखात्यालाही. पण संशोधक म्हणून तुम्हाला खटकायला हवं की इथे नमुना एकचा आहे, आणि तोही यशस्वी झालेल्यांतून निवडलेला. याच पद्धतीने शिकवलेल्या आणि दुखापतीने घरी बसलेल्या मुलींची यादी कोणी ठेवत नाही. पदकतालिकेत फक्त टिकलेले दिसतात. सांख्यिकीत याला सर्वायव्हरशिप बायस म्हणतात. आणि मुखिना तेव्हाही पूर्ण धडधाकट नव्हती. त्या अपघाताच्या आधीही सरावात तिच्या मानेला एकदा इजा झालेली होती. म्हणजे पद्धतीची किंमत दिसत होती, फक्त ती निकालाच्या तक्त्यात मोजली जात नव्हती.

आता उत्तरांकडे येऊ.

कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं ते उडीचं नाव: थॉमस साल्टो. अमेरिकेच्या कर्ट थॉमसने आणलेली ही उडी. गंमत म्हणजे ज्या स्ट्रासबर्ग स्पर्धेत मुखिनाने महिलांचं फ्लोअरचं सुवर्ण घेतलं, तिथेच पुरुषांचं फ्लोअरचं सुवर्ण थॉमसने घेतलं होतं. या उडीत खेळाडू मागच्या बाजूला पावणेदोन फेऱ्या फिरतो, सोबत शरीराभोवती दीड पीळ घेतो, आणि शेवटी पायांवर न उतरता हातांवरून मानेमागे-खांद्यांवर येऊन पुढे गडगडत उठतो. ‘रोल-आउट’ म्हणतात ते हेच.

हे धोक्याचं का, ते शाळेच्या भौतिकशास्त्राने समजतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

पाय जमिनीवरून सुटले की दोन गोष्टी कायमच्या ठरून जातात. एक, हवेत किती वेळ मिळणार. तो वर जाण्याच्या वेगावर अवलंबून असतो: वेळ म्हणजे वेगाची दुप्पट भागिले गुरुत्वत्वरण. दुसरी, कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा. हवेत ढकलायला काही नसतं, त्यामुळे हा साठा वाढवता येत नाही. शरीर आखडून घेतलं तर फिरण्याचा वेग वाढतो, पसरलं तर कमी होतो, एवढंच हातात असतं. गोळा होऊन फिरणारी मुलगी आधीच पूर्ण आखडलेली असते. फिरणं कमी पडतंय हे तिला मध्येच जाणवलं तरी करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

आता ढोबळ आकडे घालू. हे मुखिनाच्या उडीचं मोजमाप नाही, समजण्यासाठी घेतलेलं मॉडेल आहे. वर जाण्याचा वेग सेकंदाला ४.९ मीटर धरला तर हवेत १ सेकंद मिळतो आणि शरीराचा गुरुत्वमध्य साधारण १.२ मीटर वर जातो. पावणेदोन फेऱ्या म्हणजे ६३० अंश. तेव्हा सेकंदाला ६३० अंशांनी फिरायचं.

समजा पायाचा रेटा कमी पडला आणि वेग १० टक्क्यांनी घटला. हवेतला वेळ ०.९ सेकंद. फिरणं झालं ५६७ अंश. ६३ अंश कमी.

६३ अंश कमी म्हणजे शरीर कुठे असेल? ३६० अंशांना तुम्ही सरळ असता आणि ५४० ला बरोबर उलटे, डोकं खाली. ५६७ म्हणजे उलट्या स्थितीच्या जेमतेम पुढे. ज्या क्षणी पाठ जमिनीला लागायला हवी, त्या क्षणी मान जमिनीच्या दिशेला. मी इथे रेटा कमी पडल्यावर कोनीय संवेगही घटतो हे धरलेलंच नाही. ते धरलं तर चित्र आणखी वाईट होतं.

आता तीच चूक वेगळ्या उडीत घाला. पायांवर उतरायच्या साध्या दुहेरी बॅक साल्टोत ७२० अंश फिरायचं असतं. १० टक्के वेळ कमी पडला तर ६४८ अंश होतात, म्हणजे तब्बल ७२ अंशांची तूट. अंशांत बघाल तर चूक आधीपेक्षा मोठी. पण ६४८ अंशांना तुम्ही जमिनीकडे तोंड करून जवळजवळ आडवे असता. हात-गुडघ्यांवर धपकन पडाल, गुण जातील, कदाचित मनगट दुखावेल. मान वाचते.

चूक तेवढीच, परिणाम जमीन-अस्मानाइतके वेगळे. तुमच्या प्रयोगाच्या आराखड्यात हा विचार करून बघा: एखादं मोजमाप १० टक्क्यांनी चुकलं तर निष्कर्ष थोडा हलेल की पार उलटा होईल? सगळ्या चुका सारख्या महागात पडत नाहीत.

तर पहिलं उत्तर, उडीच धोकादायक होती. बरोबर आहे. पण पुरेसं आहे का? ही उडी मारून त्या काळात अनेक पुरुष जिम्नॅस्ट सुखरूप उठत होते. खुद्द थॉमसने तिच्यावर नाव कमावलं. मग नुसती उडी हे कारण कसं म्हणायचं? आणि इथे क्लिमेंकोंचा तो मुद्दा येतो. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या माणसाला पुरुषांकडे चाललेली उडी मुलीकडून करून घ्यावीशी वाटणं साहजिक होतं. पण एका गटावर चाललेली गोष्ट दुसऱ्या गटावर चालेलच, हे गृहीत धरायचं नसतं. प्रौढ पुरुषाच्या पायातला रेटा आणि वजन कमी ठेवायला लावलेल्या मुलीच्या पायातला रेटा यांत फरक असतो, आणि वरच्या गणितात सगळा खेळ रेट्याचाच आहे. परीक्षेत याला ‘बाह्य वैधता’ म्हणून दोन गुणांची टीप येते.

दुसरं उत्तर पायाचं. १९७९ च्या शरद ऋतूत मुखिनाचा पाय मोडला. त्या डिसेंबरात अमेरिकेत फोर्ट वर्थला झालेल्या जागतिक स्पर्धेला ती जाऊ शकली नाही, आणि तिथे सोव्हिएत महिला संघ रोमानियाकडून हरला. हा पराभव मॉस्कोत फार झोंबला. ऑलिंपिक घरच्या अंगणात होतं आणि संघ दुसऱ्या क्रमांकावर गेला होता. मुखिना हवीच होती. पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा हाड नीट जुळलेलं नव्हतं, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि पाय पुरेसा भरून येण्याआधीच सराव सुरू झाला. त्यात बसून वाढलेलं वजन उतरवायचं होतं. थकलेलं शरीर, न भरलेला पाय, आणि नेमकी अशी उडी की जिच्यात पायाचा रेटा १० टक्के कमी पडला तर मान खाली येते.

आता उत्तर जरा पक्कं वाटतंय ना? उडी आणि पाय एकत्र आले म्हणून. बहुतेक लेख इथे थांबतात. शेवटी एक हळहळ, आणि “दुर्दैवी अपघात” हा शब्द.

तिसरा धागा मुखिनाच्या स्वतःच्या तोंडून येतो. अपघात झाला तेव्हा दुखापतीचं खरं स्वरूप सोव्हिएत बाजूने उघड केलं गेलं नाही. ऑलिंपिक पार पडलं, सोव्हिएत महिलांनी सांघिक सुवर्ण जिंकलं. मुखिनाची सविस्तर बाजू तिच्या देशातल्या वाचकांसमोर आली ती १९८८ मध्ये, ‘ओगन्योक’ या साप्ताहिकातल्या मुलाखतीतून. गोर्बाचोव्हच्या ग्लासनोस्तचा काळ होता, आणि आधी छापता न येणाऱ्या गोष्टी तेव्हा छापता येत होत्या.

त्या मुलाखतीत ती सांगते की या उडीने आपली मान मोडेल असं तिने क्लिमेंकोंना म्हटलं होतं, आणि तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात, अशा अर्थाचं उत्तर मिळालं होतं. जमिनीवर पडल्यावर मनात आलेला पहिला विचार ऑलिंपिकला जावं लागणार नाही हा होता, असंही ती सांगते. हे वाचल्यावर मी पुढचं पान लगेच उलटू शकलो नव्हतो. ज्या स्पर्धेसाठी आयुष्य लावलं, ती चुकल्याची सुटका वाटावी, अशी तिची अवस्था होती.

पण इथे आपल्याला संशोधक म्हणून कडक राहायला लागेल. हा पुरावा घटनेनंतर आठ वर्षांनी दिलेला आहे, तिच्या एकटीचा आहे, आणि छापला गेला तो काळ जुन्या व्यवस्थेवर टीका करायला अनुकूल होता. म्हणून तो टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. तो कशाचा पुरावा आहे, एवढं नीट ठरवायचं. क्लिमेंकोंचे नेमके शब्द काय होते यासाठी तो कच्चा आहे. मुखिनाला धोका आधीच कळत होता का, यासाठी बऱ्यापैकी भक्कम आहे, कारण मानेची जुनी इजा आणि न भरलेला पाय या गोष्टी त्याच दिशेने बोट दाखवतात. आणि तिने सगळा दोष प्रशिक्षकावर ढकलला नाही, ही त्या मुलाखतीची मला वाटलेली सगळ्यात विश्वासार्ह खूण. ती स्वतःला धरते, ठाम नकार देता आला नाही म्हणून. आणि व्यवस्थेला धरते: खेळातला विजय हा देशाने निवडलेला राजकीय मार्ग बरोबर असल्याचा दाखला मानला जायचा, असं तिचं म्हणणं. क्लिमेंको तर त्या दिवशी मिन्स्कच्या हॉलमध्ये नव्हतेच, मॉस्कोला गेले होते. ते नसतानाही उडी झाली. उडी करून घेणारी यंत्रणा एका माणसापुरती नव्हती.

अपघातांच्या अभ्यासात जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं एक मॉडेल फार वापरतात. स्विस चीजच्या चकत्या एकामागे एक उभ्या केल्या आहेत असं समजा. प्रत्येक चकती म्हणजे संरक्षणाचा एक थर: डॉक्टर, प्रशिक्षक, नियम, खेळाडूचा स्वतःचा नकार. प्रत्येकीला भोकं आहेत. एरवी एका चकतीतून धोका निसटला तरी पुढची अडवते. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात होतो. समजायला सोपं, पीपीटीत छान दिसतं, म्हणून सगळीकडे चालतं.

मुखिनाच्या प्रकरणात मात्र हे चित्र फसवतं, असं माझं मत आहे. चित्र बघणाऱ्याला वाटतं की भोकं आपापली, स्वतंत्रपणे पडली आहेत आणि योगायोगाने एका रेषेत आली. गणित करून बघा. पाच थर आहेत आणि प्रत्येक थर निकामी होण्याची शक्यता १० टक्के आहे. थर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर पाचही एकदम निकामी होण्याची शक्यता ०.१ चा पाचवा घात, म्हणजे लाखात एक. याला ‘दुर्दैव’ म्हणायला हरकत नाही. पण समजा एकच दबाव असा आहे की तो आला की पाचही थर एकदम ढिले पडतात. मग शक्यता लाखात एक राहत नाही, दहात एकच्या जवळ जाते. थर पाच दिसतात, संरक्षण एकाच थराचं.

आता मिन्स्ककडे परत बघा. उपचार घाईत उरकले, कारण ऑलिंपिक. प्रशिक्षकाने भीती उडवून लावली, कारण ऑलिंपिक. संघाच्या यंत्रणेला फोर्ट वर्थचा पराभव धुवून काढायचा होता, कारण ऑलिंपिक. त्या काळच्या गुणपद्धतीत जोखमीला वेगळं मोल होतं, त्यामुळे अवघड उडी काढून टाकणं म्हणजे गुण सोडणं. आणि मुखिनाचा स्वतःचा नकार, शेवटचा थर, तोही त्याच दबावाने पोखरलेला. चकत्या वेगवेगळ्या, पण भोकं पाडणारा टोच्या एकच. याला ‘सामाईक कारण’ म्हणतात. तुमच्या कामात दोन चल एकत्र हलताना दिसले की त्यांच्या मागे तिसरा कोणी हलवतोय का हे बघायचं असतं, तेच हे.

हे फक्त क्रीडासंकुलात घडतं असं समजू नका. एका लॅबमध्ये फ्यूम हूडचा पंखा महिनाभर बंद होता आणि काम चालूच होतं, हे मी पाहिलंय. सुरक्षेच्या रजिस्टरवर सही, सीनियरची देखरेख, गाइडची परवानगी, विद्यार्थ्याचा विवेक, असे कागदावर चार थर. पण परिषदेची तारीख आली होती आणि चारही थर “एवढं उरकून घेऊ या” म्हणाले. सुदैवाने कुणाला काही झालं नाही, त्यामुळे कुठे नोंदही झाली नाही. नोंद न झालेले असे प्रसंग किती असतील, याचा विदा कुणाकडेच नसतो. आणि ज्याची फेलोशिप, सही, थिसिस सगळं एका माणसाच्या हातात आहे, त्या विद्यार्थ्याचा ‘नाही सर’ हा थर किती जाड असतो हे तुम्हाला पीएचडीला लागल्यावर कळेलच.

मग सगळा दोष सोव्हिएत व्यवस्थेचा, असं म्हणून मोकळं व्हायचं का? पाश्चात्त्य लेखनात हा निष्कर्ष फार लाडका आहे. पण कारणाचा दावा करताना तुलनेसाठी दुसरी बाजू घ्यावी लागते. अमेरिकेची जुलिसा गोमेझ बघा. मे १९८८, टोकियो. युर्चेन्को पद्धतीच्या व्हॉल्टचा सराव करताना तिचा पाय स्प्रिंगबोर्डवर नीट पडला नाही, डोकं घोड्यावर आदळलं, मान मोडली. तिथेही ऑलिंपिकचंच वर्ष, तिथेही ही उडी तिला नीट जमत नाही हे आजूबाजूच्यांना माहीत होतं. १९९१ मध्ये ती वारली. तिथे राज्यसत्ता नव्हती, खाजगी क्लब होता. म्हणजे ‘साम्यवादामुळे’ हा ‘मुळे’ टिकत नाही. दोन्हीकडे समान आहे ती प्रौढांची महत्त्वाकांक्षा, मुलीच्या नकाराला नसलेली किंमत, आणि जोखमीला मिळणारे गुण. अर्थात दोन घटनांवरून नियम सिद्ध होत नाही. पण एक चुकीचा नियम खोडायला एक उलटं उदाहरण पुरतं.

दोन्ही अपघातांनंतर काय केलं गेलं हेही बघण्यासारखं आहे, कारण उपायावरून कळतं की लोकांनी कारण कुठे मानलं. गोमेझच्या अपघातानंतर युर्चेन्को व्हॉल्ट काढून टाकला नाही, स्प्रिंगबोर्डभोवती इंग्रजी ‘यू’च्या आकाराची सुरक्षा-गादी आली, जी पुढे सक्तीची झाली. थॉमस साल्टो महिलांच्या नियमावलीतून गेला. पुरुषांच्या स्पर्धांत मात्र अशा रोल-आउट उड्या राहिल्या, त्यांच्यावर बंदी आली ती २०१७ पासूनच्या नियमावलीत. वरच्या ५६७ अंशांच्या गणिताला स्त्री-पुरुष कळत नाही, तरी मधे साडेतीन दशकं गेली. वयाची अट १९८१ मध्ये १४ वरून १५ आणि १९९७ मध्ये १६ झाली. हा त्यातल्या त्यात वरच्या पातळीवरचा उपाय, कारण तो नकार देणाऱ्याचं वय थोडं वाढवतो.

आपल्याला हा प्रश्न २०१६ मध्ये अगदी घरात येऊन भिडला होता, आठवत असेल. रिओत दीपा कर्माकरने प्रोदुनोवा व्हॉल्ट केला. येलेना प्रोदुनोवा या रशियन जिम्नॅस्टच्या नावाची ही उडी, हातांवरून उसळून पुढच्या बाजूला दोन फेऱ्या. दीपा चौथी आली, १५.०६६ गुणांवर, कांस्यपदकापासून ०.१५ ने दूर. आपण सगळे रात्री जागून बघत होतो आणि वाहिन्यांवर ‘मृत्यूची उडी’ असं अभिमानाने सांगत होते. दीपाने ती उडी डोळसपणे निवडली होती आणि तिची तयारीही पक्की होती. तिच्या कर्तबगारीबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न गुणतक्त्याला आहे. साधनं कमी असलेल्या देशातल्या खेळाडूला इतरांच्या सफाईशी बरोबरी करण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता सर्वाधिक धोक्याच्या उडीतून जात असेल, तर ती निवड कितपत तिची आणि कितपत तक्त्याची? पुढच्या नियमावलीत त्या उडीचं काठिण्यमूल्य कमी केलं गेलं, म्हणजे तक्ता बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता.

तर, मुखिनाची मान कशामुळे मोडली? प्रश्न ‘त्या सेकंदात काय घडलं’ असा असेल तर उत्तर हवेतला वेळ आणि कोनीय संवेग. ‘त्याच दिवशी का’ असा असेल तर पाय. ‘थांबवलं का नाही कोणी’ असा असेल तर सगळ्या थरांना एकदम ढिला करणारा दबाव. ही उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत, ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. सिनॉप्सिसमध्ये ‘मुळे’ लिहाल तेव्हा यातला तुमचा प्रश्न कोणता, ते त्याच्या आधीच्या वाक्यात लिहा. समितीचा अर्धा वेळ वाचेल.

एक अभ्यास देतो. तुमच्या विषयातला एखादा गाजलेला अपघात किंवा फसलेला प्रयोग घ्या. त्याला अडवू शकले असते असे थर कागदावर लिहा. मग प्रत्येक दोन थरांमध्ये विचारा, पहिला निकामी झाला हे कळल्यावर दुसरा निकामी होण्याची शक्यता बदलते का? बदलत असेल तर तिथे रेघ ओढा. रेघा जिथे येऊन मिळतात तिथून वाचायला सुरुवात करा.

पुढच्या लेखात ही ‘शक्यता बदलते का’ची भानगड, म्हणजे सशर्त संभाव्यता, नीट आकडेमोड करून पाहू. वही-पेन घेऊनच बसा.